अनसूचं उत्तर

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात लिंबाजी नावाचा माणूस पानमळा राखून होता. साऱ्या गावात पानमळा तेवढा एकच. चारी बाजूंनी शेवरीचं उंच, दाट कुंपण. आत गारवा, ओली माती आणि ओळीनं वर चढलेल्या नागवेली. मळ्यात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही, परक्या माणसाला आत घ्यायचं नाही, अशी रीत होती. लिंबाजीच्या आज्यानं ती पाळली, बापानं पाळली, आणि लिंबाजीही पाळत होता.

लिंबाजी थकलेला होता. वय फार झालं नव्हतं, पण काही माणसं वयाच्या आधी थकतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून तो झोपून उठला तरी थकलेलाच उठायचा. पाठ दुखायची. डोळ्यांना बारीक दिसायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला आठवायचं नाही. कोणत्या ओळीला पाणी कधी दिलं, कोणत्या वेलीची पानं खुडून झाली, कोणत्या आधाराच्या झाडाला कीड लागली, हे सारं डोक्यात ठेवावं लागतं. लिंबाजीच्या डोक्यात ते राहत नव्हतं. एकदा तर त्यानं एकाच ओळीला सकाळीही पाणी दिलं आणि दुपारीही दिलं.

तरी त्याचं अडत नव्हतं, कारण त्याच्यापाशी अनसू होती.

अनसू त्याची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची, सावळी, काटकुळी. लिंबाजी सकाळी विचारायचा, "अनसू, आज कुठं?" ती म्हणायची, "तिसरी ओळ, आप्पा. सातवीला परवा." तिनं कुठं लिहून ठेवलेलं नसायचं. तिनं एकदा बघितलं की ते तिच्यापाशी राहायचं. वेलीचं खालचं पान जरा मलूल दिसलं, तर ती खाली बसून देठ बघायची आणि सांगायची की हिला पाणी जास्त झालं आहे. तिचं कधी चुकलं नव्हतं.

आणि ती प्रश्न फार विचारायची. पान वरून चकचकीत आणि खालून फिकं का? मुंग्या एकीमागं एक जातात, तर सगळ्यांत पुढची कुणाच्या मागं जाते? देवळातल्या गुरवानं तिला अक्षरं शिकवायला घेतलं. तीन महिन्यांनी तो लिंबाजीला येऊन भेटला. म्हणाला, माझ्याजवळची अक्षरं संपली, आता मी तिला काय देऊ? तो भला माणूस होता. दुसरा असता तर त्यानं तीच अक्षरं पुन्हा गिरवायला लावली असती.

घरात लिंबाजीची थोरली बहीण होती, ठकूआक्का. तिची जीभ अडकित्त्यासारखी चालायची. पण भाकरी मात्र ती सगळ्यांना आधी वाढायची आणि स्वतः शेवटी जेवायची.

त्या मुलखाच्या राजानं राजधानीत एक शाळा काढली होती. ज्यांचं डोकं चार मुलांहून पुढं चालतं, अशा मुलांसाठी. राज्यातून दर वर्षी दहा मुलं निवडायची. त्यांना पाच वर्षं तिथंच ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि राज्यातले सगळ्यांत जाणते लोक त्यांना शिकवणार. घरी यायला वर्षातून एकदाच, दसऱ्याला. मुलं पारखायला रंगोपंत नावाचे एक म्हातारे पंडित गावोगाव फिरत होते. मुलगा असो, मुलगी असो, कुणाचाही असो, त्यांना चालायचं.

माघ महिन्यात दवंडी आली, की येत्या सोमवारी रंगोपंत चावडीवर बसणार आहेत.

त्या आठवड्यात लिंबाजीला सल्ला देणाऱ्यांनी अगदी पिळून काढलं. सुतार म्हणाला, पाठव. असं नशीब दारात पुन्हा येत नाही. तेली म्हणाला, नको पाठवू. फार शिकलेली पोर मग आपल्या घरात मावत नाही. गुरव म्हणाला, मी काय सांगू, पण तिचे प्रश्न इथं वाया जातात. पाटलांनी हसून विचारलं, की शिकून आली की पानं संस्कृतात खुडणार आहे का? चावडीवरचे सगळे हसले. लिंबाजीही हसला, कारण पाटील हसले की हसायचं असतं. ज्यानं त्यानं आपल्याला जे वाटलं ते सांगितलं, आणि जो तो आपल्या घरी जाऊन जेवला. ठरवायचं ओझं लिंबाजीपाशीच राहिलं.

ठकूआक्का दोन दिवस सगळ्यांचं ऐकत भाकरी थापत होती. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून ती म्हणाली, "तिला धाडलंस तर तुझं डोकंच गेलं म्हणून समज, लिंबा. तुझं डोकं त्या पोरीच्या धडावर आहे."

लिंबाजी म्हणाला, "मी तिच्या भल्याचा विचार करतोय, आक्का."

"कर की. पण तिच्या भल्याच्या आडून तुझं भलं डोकावतंय, ते मला चुलीपासून दिसतंय."

लिंबाजीनं ताटातली भाकर मोडली आणि खाली बघून खाल्ली. शेवटी त्याला एवढंच सुचलं, की आपण ठरवायला नको. सोमवारी अनसू चावडीवर जाईल. पंत काय ते बघतील. निवडली तर निवडली, नाही तर नाही. थकलेल्या माणसाला ही युक्ती फार सोपी वाटते. ठरवायचं काम तो दुसऱ्याच्या दारात ठेवून येतो.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही.

पानाची वेल वर्षभर चढत राहते. चढून चढून ती आधाराच्या झाडाच्या शेंड्याला पोचते. मग तिची खालची पानं जातात, देठ उघडा पडतो, आणि वेल म्हातारी होते. म्हणून दर वर्षी माघात तिला खाली उतरवतात. सगळी वेल अलगद सोडवायची, तिचं वेटोळं करायचं, ते बुंध्याशी मातीत पुरायचं, आणि शेंड्याकडचा हातभर भाग तेवढा वर ठेवून पुन्हा आधाराला बांधायचा. पुरलेल्या देठाला नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा तरणी होऊन चढू लागते. याला उतरण म्हणतात. उतरण न केलेली वेल दोन-चार वर्षांत संपते.

उतरणीचं काम घरच्या माणसांनीच करायचं. उतरलेली वेल म्हणजे बाळंतीण, तिला दृष्ट लागते, असं जुने लोक म्हणत. म्हणून ती नवी मुळं धरेपर्यंत, म्हणजे महिनाभर, मळ्याबाहेर उतरणीचं अवाक्षर काढायचं नाही. गावातल्या लोकांनी पानं जन्मभर खाल्ली होती, पण कुंपणाच्या आत दर वर्षी काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि रंगोपंत गावात आले ते नेमके उतरणीच्या दिवसांत.

सोमवारी चावडीवर बारा मुलं जमली. मुलं पंतांपुढं, आईबाप मागं भिंतीला टेकून. पंतांनी आधीच सांगितलं, की मूल उत्तर देत असताना मोठ्यांनी मधे बोलायचं नाही. बोलायचं असेल त्याला मी नंतर विचारीन. पंत सत्तरीचे होते. गावोगाव फिरून त्यांचे पाय सुजले होते, आणि ते एका उशीवर ठेवून ते बसले होते.

अनसूची पाळी शेवटची. पंतांनी तिला पहिला प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं. दुसरा अवघड होता. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि त्याचंही उत्तर दिलं. पंत जरा पुढं सरकून बसले. तिसरा प्रश्न त्यांनी मुद्दाम तिच्या ओळखीतला काढला, कारण ते मायाळू होते.

"एक वेल आहे. आज ती हातभर आहे. दर महिन्याला ती एक हात वाढते. वर्षानं ती किती हात असेल?"

अनसूनं विचारलं, "वेल कसली?"

"पानाची. तुमच्या मळ्यातली म्हण ना."

अनसू म्हणाली, "हातभर."

मुलं फिसकन हसली. पंतांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "हातभरच? मग वर्षभर वाढली ती कुठं गेली?"

अनसूनं तोंड उघडलं. मग तिला आठवलं, की उतरणीचे दिवस आहेत. तिनं वळून भिंतीकडं बघितलं. बापाकडं. लिंबाजीनं नुसती मान हलवली असती, सांग म्हणून, तर तिनं सगळं सांगितलं असतं. पोर आज्ञेत होती. ती वाट बघत होती.

लिंबाजीला सगळं कळलं. उत्तर बरोबर आहे हे त्या चावडीत दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि तिला. त्याच्या मनात आलं, की रीत आहे. मग मनात आलं, की पाच वर्षं. मग सातवी ओळ आठवली, नववी ओळ आठवली, आणि रोज सकाळी कुणाला विचारायचं ते आठवलं. तो आपल्या पायांच्या बोटांकडं बघत राहिला.

पंत थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "नाही, बाळ. तेरा हात. चुकलीस."

शेवटी त्यांनी आईबापांना एकेक करून विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का. लिंबाजीपाशी आले तेव्हा त्याच्याकडं त्यांनी जरा जास्तच वेळ बघितलं.

लिंबाजी म्हणाला, "नाही."

घरी परतताना अनसू त्याच्या मागून चालत होती. एरवी ती पुढं पळायची. नदीपाशी आल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, माझं चुकलं का?"

हा प्रश्न चावडीवरच्या प्रश्नाहून सोपा होता. इथं पंत नव्हते, पाटील नव्हते, बोलू नको म्हणणारं कुणी नव्हतं. पण माणूस एकदा गप्प बसला, की दुसऱ्यांदा खरं बोलणं जड जातं. खरं बोललं तर आधी का गप्प बसलो तेही सांगावं लागतं.

लिंबाजी म्हणाला, "असेल, बाई. पंत मोठे आहेत."

अनसूनं मान डोलावली. तिनं पुढं काही विचारलं नाही.

त्या दिवशी लिंबाजीला बरं वाटलं. पोर घरात राहिली. संध्याकाळी तिच्या ताटात त्यानं गुळाचा खडा ठेवला. तिनं तो खाल्ला नाही, पण त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. सकाळी तो विचारी, "अनसू, आज कुठं?" ती आधी झटकन सांगायची. आता ती म्हणे, "पाचवी वाटते. पण तुम्ही बघा." दोन दिवसांनी म्हणू लागली, "मला नक्की नाही." मग म्हणू लागली, "तुम्ही म्हणाल ती." मुंग्या ओळीनं जात होत्या आणि ती त्यांना ओलांडून जात होती. गुरवानं देवळात तिला काही विचारलं, तर तिनं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं, कोणतं उत्तर त्याला हवं आहे ते हुडकायला. गुरव लिंबाजीला म्हणाला, "पोरीला बरं नाही का?"

ठकूआक्कानं एकदा विचारलं, "चावडीवर काय झालं रे?" लिंबाजी म्हणाला, काही नाही, तिला उत्तर आलं नाही. आक्का भांडी आवरायला उठली.

उतरणीला तीन आठवडे झाले आणि नवव्या ओळीच्या वेली पिवळ्या पडल्या. लिंबाजीनं वाकून माती उकरली. बुंधे काळे पडून कुजले होते. मर लागली होती. हा रोग एका वेलीला लागतो आणि पाण्याबरोबर ओळभर जातो. पहिल्या वेलीपाशीच कळलं तर ती उपटून पाणी तोडायचं, बाकीच्या वाचतात. इथं सगळी ओळ गेली होती. आज्याच्या हातची लागवड होती ती.

अनसू शेजारी उभी होती.

लिंबाजी म्हणाला, "तुला दिसलं नाही का गं?"

"दिसलं होतं. आठ दिवस झाले. पहिल्या वेलीचा देठ काळा होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

अनसूच्या आवाजात राग नव्हता. तिला जे समजलं होतं ते तिनं सांगितलं. "मला दिसतं ते खरं नसतं, आप्पा. वेल दर वर्षी हातभर होते, ते मला दिसतं. पण पंत म्हणाले चुकलं, आणि तुम्हीही म्हणालात. म्हणून मी आता दिसलं तरी धरत नाही."

लिंबाजी त्या मेलेल्या ओळीत खाली बसला. ओळ गेली याचं त्याला काही वाटेनासं झालं. ओळ पुन्हा लावता येते. त्याला वाटलं होतं, की आपण पोरीला घरात राखलं. पण तिच्यातलं जे राखायचं होतं ते त्यानं एका शब्दात उपटून टाकलं होतं, आणि तिच्या जागी एक आज्ञाधारक मूल घरात वावरत होतं. तो थकला होता हे खरं. पण थकवा त्याचा होता. त्याची किंमत त्यानं पोरीला भरायला लावली होती.

त्यानं हात धुतले, आक्काकडून दोन भाकरी बांधून घेतल्या आणि तो रंगोपंतांच्या मागं निघाला.

पंत पुढच्या गावी गेले होते. तिथून पुढच्या. लिंबाजीला भरभर चालवत नव्हतं. तो बसत उठत चालला. फेरी संपवून परतीला लागलेले पंत तिसऱ्या दिवशी दुपारी एका गावच्या धर्मशाळेत सापडले. ऊन पाण्याच्या घंगाळात पाय सोडून ते बसले होते.

लिंबाजी दारातच उभा राहिला. म्हणाला, "पंत, माझ्या पोरीचं उत्तर बरोबर होतं."

मग त्यानं उतरण सांगितली. महिना भरायचा होता, उतरणीचं बाहेर बोलायचं नव्हतं, तरी सांगितली. आज्याची आणि बापाची रीत त्यानं त्या दारात उभं राहून मोडली. वेल कशी सोडवतात, वेटोळं कसं पुरतात, हातभर तेवढी वर कशी ठेवतात, सगळं. पंत पाय घंगाळात तसेच ठेवून ऐकत होते.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "तिनं मला विचारलं होतं, वेल कसली. मी तिथंच थांबायला हवं होतं. उत्तरं मोजता मोजता माझं प्रश्नाकडं लक्षच राहत नाही." मग म्हणाले, "पण लिंबाजी, मी तुम्हालाही विचारलं होतं."

"हो. मी नाही म्हणालो."

"का?"

लिंबाजीनं कारण शोधलं नाही. रस्त्यात त्यानं पुष्कळ कारणं शोधली होती, रीत आहे, दृष्ट लागते, पोर लहान आहे. ती सगळी त्यानं तिथंच टाकली.

"मी दमलोय, पंत. ती गेली की मला सगळं माझं मला आठवावं लागलं असतं."

पंत रागावले नाहीत. तेही दमलेले होते, त्यांना दमणं कळत होतं. त्यांनी सांगितलं, की दहा नावांवर राजाची मोहर उमटली आहे. या वर्षी आता काही होत नाही. पुढच्या माघात मी पुन्हा येईन, जगलो तर.

"आणि हे मला सांगायला तीन दिवस चालत आलात," पंत म्हणाले, "तिला सांगितलंत का?"

लिंबाजीनं सांगितलं नव्हतं. घरात पोर दहा पावलांवर होती, आणि तिथं पोचायला त्याला हा एवढा वळसा घ्यावा लागला होता. तो तसाच परत फिरला.

अनसू मळ्याच्या दारात बसून खुडलेली पानं एकावर एक लावत होती. लिंबाजी तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"अनसू, तुझं चुकलं नव्हतं. चावडीवरही नाही आणि नदीपाशीही नाही. मला ठाऊक होतं. तू जाशील म्हणून मी बोललो नाही."

अनसूचे हात थांबले. ती रडली नाही. ती उठली आणि आत गेली, आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. आक्कामार्फत निरोप चालत. "आप्पांना सांग, जेवायला या." लिंबाजीनं ते चार दिवस सोसले. त्यातलं काही कमी करून घ्यायला तो गेला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो मळ्यात उभा होता. कोणत्या ओळीला पाणी द्यायचं ते त्याला आठवत नव्हतं. मागून अनसू म्हणाली, "चौथी." त्यानं चौथीचं पाणी सोडलं. ती म्हणाली, "नक्की चौथी." ते तिनं स्वतःलाच सांगितलं होतं.

मग लिंबाजीनं तिला विचारलं, पुढच्या वर्षी शाळेला जाशील का. ती म्हणाली, "शाळा कशी असते ते मला माहीत नाही. न बघता कसं सांगू?" इतके दिवस सगळ्या गावानं ठरवलं होतं, सुतारानं, तेल्यानं, पाटलांनी, आणि त्यातल्या कुणीही ती शाळा पाहिलेली नव्हती. हे नऊ वर्षांच्या पोरीच्या ध्यानात आलं.

कार्तिकी पौर्णिमेला शाळेचे दरवाजे सगळ्यांना उघडे असत. बाप आणि लेक चालत राजधानीला गेले. अनसू दिवसभर शाळेत हिंडली. मुलं कशी बसतात, कशी खातात, कोण एकटं कोपऱ्यात उभं आहे, ते तिनं बघितलं. एका मुलीला तिनं विचारलं, तुला घरची आठवण येते का? ती म्हणाली, रोज. मग विचारलं, परत जावंसं वाटतं का? ती म्हणाली, नाही. परतीच्या वाटेवर दोन कोस चालून झाल्यावर अनसू म्हणाली, "आप्पा, मी जाईन. पण मला रडू येईल."

लिंबाजी म्हणाला, "येऊ दे."

राहिलेल्या महिन्यांत लिंबाजीनं एक काम केलं. तो लेकीच्या मागं ओळीओळीनं फिरला आणि मळा पुन्हा शिकला. ती सांगायची, तो म्हणून दाखवायचा. चुकला की ती त्याला ओळीच्या सुरवातीला परत न्यायची. ठकूआक्का कुंपणापाशी उभी राहून म्हणायची, "म्हातारा बसला गं शाळेत. पट्टी मार त्याला." त्याला सगळं काही आलं नाही. पण निम्मं आलं, आणि निम्म्यावर मळा तगतो.

पुढच्या माघात रंगोपंत आले. जास्त वाकले होते, पण आले. अनसूची निवड झाली.

चैत्रात लिंबाजी तिला शाळेत पोचवायला गेला. दरवाजाशी तिनं त्याचा हात धरला आणि विचारलं, "इथं सगळे मोठे आहेत. मी चुकले तर?"

लिंबाजी म्हणाला, "चुकशील की. पण कुणी म्हटलं चुकलीस, तर आधी विचार, कुठं चुकले ते दाखवा. कितीही मोठा असला तरी विचार. मी म्हटलं तरी विचार."

ती आत गेली. लिंबाजी चालत घरी आला. पाय दुखत होते, पाठ दुखत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यात गेला आणि त्यानं स्वतः आठवून पाणी सोडलं.

पुढं लोक त्याला कितीतरी वर्षं विचारत राहिले, की लिंबाजी, पोरीला धाडलंस ते बरं केलंस की वाईट? कधी घर रिकामं वाटे तेव्हा त्याला वाटे, वाईट केलं. कधी दसऱ्याला ती येऊन बोलत बसे तेव्हा वाटे, बरं केलं. तो लोकांना म्हणायचा, "ते मला अजून नक्की सांगता येत नाही. पण तिचं बरोबर होतं, आणि तिला ते मी माझ्या तोंडानं सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. रात्री झोप लागते ती तेवढ्यावर."

तात्पर्य: हुशार मुलाला दूर धाडावं की जवळ ठेवावं, हे ठरवताना शहाण्याचीही चूक होते आणि ती पुढं सुधारता येते, पण आपल्या सोयीसाठी मुलाच्या खऱ्याला खोटं म्हणू नये, कारण मग ते जवळ राहूनही हरवतं.